मागच्या दारावरची ड्यूटी

माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शेवटचं पोस्टिंग काश्मीरमधलं लिहिलेलं आहे. मी ते धरत नाही. माझं शेवटचं पोस्टिंग म्हणजे अंथुर्ण्याजवळचं माझं स्वतःचं कोल्ड स्टोरेज. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊन बारामतीला घरी आलो, तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम माझ्या अंगी लागत नाही. द्राक्षं थंड करून बाहेर पाठवायचा धंदा काढला. पलटणीतला माझा रेडिओ ऑपरेटर, हवालदार देवकाते, निवृत्त होऊन सणसरला घरी बसला होता, त्याला निरोप धाडला. "रिपोर्ट कधी करू, साहेब?" एवढंच त्याने विचारलं.

धंदाही मी पलटणीसारखाच चालवला. ०७:४५ ला फॉल-इन, हजेरी, मग काम. देवकात्याकडे एक वॉकी-टॉकी, माझ्याकडे एक. "कर्नलसायबाच्या द्राक्षास्नीबी सॅल्यूट ठोकावा लागतोय," असं गावात म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

देवकात्याची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. काश्मीरमध्ये बर्फाच्या दिवसांत मी त्याला वायरलेस सेट देऊन पुढच्या चौकीवर बसवलं होतं. रिलीफ, म्हणजे बदलीची तुकडी, येईपर्यंत हलायचं नाही, असा हुकूम. वादळ सुटलं आणि रिलीफ अकरा तास उशिरा पोचली. तो हलला नव्हता. डाव्या पायाची दोन बोटं गेली. साऱ्या कंपनीसमोर मी त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, जवान असा असावा. ती शाबासकी आज मला खाते.

तो दिवस द्राक्षांच्या ऐन हंगामातला. १४:३५ ला मशीनरूममध्ये अमोनियाच्या पाइपच्या जोडावरचं गॅस्केट फाटलं. गारवा तयार करायला हाच वायू लागतो, पण सुटला की डोळे आणि छाती जाळतो. हॉलमध्ये अकरा बायका द्राक्षं निवडत होत्या. हॉलमध्ये चपला चालत नाहीत. त्या मागच्या दाराशी, बोळात काढायच्या, हा माझा नियम. आणि तो बोळ मशीनरूमला लागून. घाबरलेली बाई आधी कुठे धावणार? चपलांकडे. जागा मीच ठरवली होती.

मी पुढच्या अंगणात होतो. सेट उचलला.

"देवकाते, मागचं दार धर. एकही बाई तिकडून जाता कामा नये. सगळ्या पुढच्या दाराने काढ. ओव्हर."

"व्हय साहेब. मागचं दार धरतो. ओव्हर."

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

"न्हाय हलत, साहेब."

ओला टॉवेल तोंडाला बांधून मी बाहेरून टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हकडे पळालो. व्हॉल्व्ह गच्च बसलेला. १४:४४ ला सेट वाजला.

"साहेब, वारं फिरलंय. हितं वास वाढलाय. दोघी चपलासाठी आल्त्या, माघारी लावल्या. ओव्हर."

"उभा राहा."

त्यानंतर दोन्ही हात लागणार म्हणून मी सेट जमिनीवर ठेवला. १४:५६ ला व्हॉल्व्ह बंद झाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तसाच पुढच्या अंगणात आलो आणि मोजणी केली. अकरा. पुन्हा केली. अकरा. "सगळे बाहेर," मी मोठ्याने म्हणालो आणि लिंबाखाली बसून पाणी प्यायलो. मोजणीत मी स्वतःला धरत नाही. देवकात्यालाही कधी धरलं नव्हतं. तो माझाच हात, हात कोण मोजतं?

१५:०५ ला सखूबाई, बायकांची मुकादम, अनवाणीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, हवालदार कुठं हायती?"

पाणी हातातच राहिलं. मी पळालो. बोळात तो दाराला पाठ लावून बसला होता, जवळ अकरा जोड चपला. सेट तोंडाशी धरलेला. त्याने मला किती वेळा हाक मारली असेल, मला ठाऊक नाही. माझा सेट टाकीजवळ पडला होता.

तुम्ही सिव्हिलियन विचाराल, चार पावलांवर मोकळी हवा होती, मग तो पळाला का नाही? पळायचं नाही हे त्याला मीच शिकवलं होतं.

श्वास अजून चालू होता. जीपमध्ये घातलं, मांडीवर डोकं घेतलं. सखूबाईचा नवरा गाडी चालवत होता. भवानीनगरला कारखान्याकडे वळणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. मी खाली उतरून ट्रॅक्टरवाल्यांच्या अक्षरशः पाया पडलो. बिचाऱ्यांनी वाट दिली, पण दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यातून हलायला वेळ लागतो. सणसरच्या अलीकडे, त्याच्याच गावाच्या शिवेवर, श्वास थांबला. बारामतीपर्यंत मी त्याची छाती दाबत राहिलो. आयुष्यात इतका लाचार मी कधीच नव्हतो.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरेना एकही. त्याच्या भावाने हात जोडले, "पोरीचं लगीन आमी करतो." काही नाही. म्हातारे तात्या, त्याचे चुलते, म्हणाले, "आईला अंतर देनार न्हाय, बाबा." काही नाही. ऊन चढलं. मग त्याची बायको कांताबाई उठली आणि सरळ माझ्याकडे आली.

"साहेब, त्यांची ड्यूटी सुटली न्हाय अजून. तुमी सांगितल्याबिगर त्ये हलायचं न्हाईत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

मी पिंडासमोर सावधानमध्ये उभा राहिलो.

"हवालदार देवकाते. सगळ्या बाहेर आल्या. पोस्ट सोड. घरी जा."

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "शिवला." बायका रडू लागल्या. मी पाहिलं नाही. सावधानमध्ये मान हलवत नाहीत. हुकूम बरोबर होता, शब्दही बरोबर होते. फक्त दहा दिवस उशीर झाला होता.