माझी ओली गादी आणि नंदाचं लग्न

आमच्या मुलुंडच्या घरात रात्री ढाराढूर झोपणारा माणूस एकच होता, आणि पाण्याला उठायचं काम नेमकं त्याच्याकडे होतं. तो माणूस म्हणजे मी!

नळाला पाणी मध्यरात्रीनंतर केव्हातरी यायचं. म्हणून मी नळ उघडा ठेवून खाली पातेलं उपडं घालायचो. पाणी आलं की ताशा वाजायचा, आणि मी (म्हणजे अख्खी चाळ) जागा व्हायचो. त्या दिवशी तर घरात थेंब नव्हता आणि सकाळी धाकट्या नंदाला बघायला पाहुणे येणार होते.

"दादा, उठशील ना रे?" नंदाने विचारलं.

"बिनधास्त झोप गं!"

रात्री आधी बाबा उठले. वयोमानाप्रमाणे. मोरीत पातेल्याला ठेचकाळले, "भांडी कुठेही टाकतात!" म्हणून ते फळीवर ठेवलं आणि उंदीर येऊ नयेत म्हणून मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला. मग आई उठली. काळजीने. नळ उघडा बघून तिने तो बंद केला. शेवटी नंदा उठली. धडधडीने. "दादा नळ सोडायला विसरला वाटतं," म्हणत तिने तो पुन्हा सोडला आणि निर्धास्त झोपली.

पाणी आलं. ताशा नाही, काही नाही. मोरी भरली, उंबरा ओलांडून पाणी घरात आलं. सगळे खाटांवर, खाली जमिनीवर एकटा मी. पाणी कानात शिरलं तेव्हा कुठे मला जाग आली!

पिंपं भरली, लादी पुसली, गादी गॅलरीत वाळत टाकली. घर झकास दिसत होतं. पाहुणे आले. मुलाच्या आईची नजर पोह्यांवरून थेट गॅलरीत.

"घरात लहान मूल आहे वाटतं?"

"छे हो," बाबा म्हणाले. (बाबांना खोटं बोलता येत नाही.) "गादी याची."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तेव्हा बँकेत कारकून होतो, मिशी होती! सांगायला तोंड उघडलं, तर पोह्यांच्या ट्रेमागून नंदा डोळ्यांनी विनवत होती. नळ तिने सोडलेला. म्हणजे मुलगी वेंधळी ठरणार, आणि मुलगा तर तिला आवडलेला दिसत होता. मी तोंड मिटलं. मला ब्रह्मांड आठवलं.

निघताना त्या माऊलीने आईला बाजूला घेतलं. "रात्री दुधातून खारीक द्या हो. आमच्या धाकट्याला गुण आला."

लग्न जमलं. दर दिवाळीला नंदाच्या सासरहून फराळ यायचा आणि सोबत माझ्या नावाची खारकांची पुडी. माझं लग्न ठरल्यावर मात्र मी कंबर कसली, नंदाच्या सासूबाईंना गाठलं आणि नळ, पातेलं, बोळा, सगळं इत्थंभूत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, लाजायचं काय त्यात!" म्हणाल्या.

त्या दिवाळीला पुडी दुप्पट मोठी आली.