तबकडीवरचा रुपया

डीजे व्हायचं मी ठरवलं ते मोबाईलवर बघून. कुठल्याशा थंड देशातला एक लोकरी टोपीवाला माणूस होता आणि त्याचं एकच पालुपद: खरा डीजे तबकडीवर घडतो, लॅपटॉपवाले नुसती बटणं दाबतात. मला ते इतकं पटलं, की आमच्या टेंभुर्णीतल्या समस्त लॅपटॉपवाल्या डीजेंकडे मी तुच्छतेनं बघायला लागलो. माझ्याकडे तेव्हा दाबायला एक बटणही नव्हतं, हा भाग वेगळा.

तबकड्या मात्र घरातच होत्या. माझे काका चाळीस वर्षं गावचे स्पीकरवाले. लग्न असलं की पहाटेच मांडवाच्या खांबावर त्यांचा भोंगा चढायचा, आणि त्याचं तोंड बरोबर पाहुणे येणाऱ्या रस्त्याकडे. वऱ्हाडानं आवाजाच्या मागावर सरळ मांडवात यावं, दारोदार लग्नघर विचारत फिरू नये. पुढे पिकअपवर भिंतीएवढे स्पीकरचे डबे लादून डीजे फिरायला लागले, तेव्हा काकांनी भोंगा उतरवला आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवली. दर रविवारी मात्र ती बाहेर यायची. एकेक तबकडी मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसायची आणि परत ठेवायची. काकू म्हणायची, "माझा चष्मा कधी पुसला न्हाई या माणसानं."

मी तबकड्या वाजवायचं मशीन मागितलं, तर काका हरखूनच गेले. सुई कशी टेकवायची, तबकडी कडेनं कशी धरायची, सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले आणि मी टोपीवाल्याचा धडा गिरवायला बसलो. सुईखाली तबकडी हातानं मागेपुढे ढकलायची, खर्र खर्र आवाज काढायचा. काढला. तोंडाला साबण तसाच घेऊन काका बाहेर आले.

"काय करून राह्यला रे तू?"

"काका, याला स्क्रॅच म्हणतात. मुद्दाम करायचं असतं."

त्यांनी तबकडी उजेडात धरली. सनईची होती ती, प्रत्येक लग्नात पहिली वाजायची. तिच्यावर लांबलचक ओरखडा. "चाळीस वर्षं एक ओरखडा पडू दिला न्हाई म्या," ते म्हणाले, "अन तू मुद्दाम?" पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेलो असायचो आणि ते काकूला सांगायचे, "त्याला म्हनावं, भाकर खाऊन घे."

तरी हसनाबादची माझी पहिली वरात आली, तेव्हा मशीन घेऊन काका पिकअपमध्ये बसलेच. माझ्या एकट्याच्या हाती ते मशीन द्यायला ते आता तयार नव्हते. सकाळची वरात, नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या देवळाकडे निघालेला. पिकअप पहिल्या खड्ड्यात गेली आणि सुईनं उडी मारली. गाणं मागं गेलं. दुसरा खड्डा, गाणं पुढं. पोरं हुशार निघाली, सुई उडाली की तीही उडायची. काकांनी खिशातून रुपया काढला आणि सुईच्या दांडीवर ठेवला. हा त्यांचा जुना उपाय, वजनानं सुई जागा सोडत नाही. पण तो मांडवातला उपाय होता. हसनाबादच्या रस्त्यापुढे त्याचं काही चालेना.

शेवटी मी असा तोडगा काढला, की गाडी थांबलेली असतानाच वाजवायचं आणि चालताना बंद ठेवायचं. म्हणजे वरात एका जागी धिंगाणा घालायची आणि मग माना खाली घालून मुकाट पुढे सरकायची. अशाच एका मुकाट टप्प्यात समोरून आलेल्या म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि हात जोडले. मग मात्र नवरदेवाचा मामा भडकला.

"डीजे कोन हाय?"

मी मशीनकडे बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी डीजे व्हायची माझी अजिबात इच्छा नव्हती. काका पुढे झाले. "मशीन माझं हाय. चूक माझी." तेवढ्यात कुणीतरी आपला मोबाईल वायरला जोडला आणि वरात नाचत देवळापर्यंत गेली. परतताना माझी काकांकडे बघायची हिंमत झाली नाही.

टोपीवाल्याला खड्डे ठाऊक नव्हते, एवढाच त्यातला बोध. मी लॅपटॉपवर यायचं ठरवलं. कॉलेजचा लॅपटॉप होता, पण त्याला जोडायची डीजेची बटणं नव्हती. संभाजीनगरचा, जुन्या तबकड्या जमवणारा एक शौकीन गृहस्थ फोनवर म्हणाला, तसला बटणांचा जुना कंट्रोलर देतो, बदल्यात तबकड्यांची पेटी द्या. काकांना मी खाली मान घालून विचारलं.

"दे," ते म्हणाले. "बिलकुल दे. मी आता कुठं वाजवून राह्यलो?"

आणि तो रविवार नसतानाही पेटी काढून पुसायला बसले. मला स्वतःचा इतका राग आला, की फोन करून नाही म्हणावं असं वाटलं. केला मात्र नाही. मग गृहस्थ यायच्या आधीचे चार दिवस, काका शेतात गेले की, मी एकेक तबकडी वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवली. सनईची ओरखड्यावर अडकायची. तीच लकेर पाच-सहा वेळा, मग मी बोटानं सुई पुढे ढकलली. तेही तसंच उतरलं.

गृहस्थ आला, पेटी घेऊन गेला. सनईची तेवढी परत दिली, खराब आहे म्हणाला. काकूनं ती माठावर झाकण म्हणून ठेवली. बसली अगदी बरोबर, फक्त मधल्या भोकातून मुंग्या जातात अशी तिची तक्रार होती.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचं, म्हणजे काकांच्या मुलीचं लग्न निघालं. पहाटे काका मांडवाला केळीचे खांब बांधत होते. मी खास भोंगा वर चढवला होता, तोंड रस्त्याकडे. लॅपटॉप उघडला आणि सनई लावली.

काकांचे हात सुतळीवरच थांबले. माझ्याकडे न वळता ते नुसते ऐकत राहिले. आणि मग ओरखडा आला. तीच लकेर, पुन्हा तीच, पुन्हा तीच. काका खांब सोडून धावत आले, खिशातून रुपया काढला आणि दांडी शोधायला लागले. दांडी कुठली? हात हवेत फिरला, घोटाळला, आणि त्यांनी तो रुपया लॅपटॉपच्या कडेवर ठेवून दिला.

त्याच वेळी सनई पुढे सरकली.

माझ्या बोटाबद्दल मी तोंड उघडलं नाही. काकांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आपलीच हाय का रे?"

"आपलीच, काका. सगळ्या हायेत यात."

त्यांनी गळ्यातल्या गमछ्यानं आधी डोळे पुसले, मग त्याच गमछ्यानं लॅपटॉपचा पडदा पुसला, कडेकडेनं, रविवारी पुसायचे तसा.

"तबकडी माझी," ते म्हणाले. "ओरखडा तुझा. रुपया राहू दे तिथंच."