एल्सखालची ओळ

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कंपनी होती. कापड रंगवायच्या मोठ्या बंद भांड्यांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. तापमान किती ठेवायचं, वाफ कधी सोडायची, झाकण कधी उघडू द्यायचं, हे आतली एक चिप ठरवायची. तिचा प्रोग्राम असेंब्ली भाषेत होता आणि तो मॅडमनी लिहिलेला. मॅडम आमच्या सीनियर. पन्नाशी उलटलेली, डोंबिवलीहून यायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. मी माजिवड्याची, डिप्लोमा करून नुकतीच लागलेले. मला त्यांनीच शिकवलं.

मॅक्रो म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. दहा-वीस सूचनांना एक नाव द्यायचं. मग जिथे ते नाव लिहाल तिथे असेंब्लर, म्हणजे चिपसाठी प्रोग्राम तयार करणारं सॉफ्टवेअर, त्या सगळ्या सूचना मांडून ठेवतो. त्यात अटही घालता येते. मोठं मॉडेल असेल तर या सूचना, छोटं असेल तर त्या.

"एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या, "अट जुळली नाही तर ती ओळ चिपमध्ये गप्प बसून राहत नाही. ती तिथे नसतेच."

झाकणाच्या मॅक्रोत अशा दोन अटी होत्या. मोठ्या मॉडेलने वाफेचा दाब उतरेपर्यंत थांबायचं, छोट्याने ठरावीक वेळ. आणि शेवटी, एल्सखाली, म्हणजे 'नाहीतर'खाली, मॅडमची एकच ओळ: दोन्हीपैकी कुठलंच मॉडेल नसेल तर एरर देऊन तिथेच थांब, प्रोग्राम तयारच करू नकोस.

मग तिसरं मॉडेल आलं. मॅडम भाचीच्या लग्नाला गेलेल्या. दुपारी गिऱ्हाईक नवीन डिस्प्ले बघायला येणार होतं आणि सकाळपासून ती एरर मला पुढे जाऊ देत नव्हती. या मॉडेलला दाब बघायचा की वेळ, मला माहीत नव्हतं. फोन करता आला असता. लग्नघरात कशाला त्रास, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे एकटीने करून दाखवायचं होतं. मी ती ओळ काढली. प्रोग्राम लगेच तयार झाला, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. संध्याकाळी ओळ परत टाकायची ठरवलेली, ती राहिली. मॅडम आल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळं तपासलंय म्हणून सांगितलं. टेबलावर, वाफेशिवाय, झाकणाचा सिग्नल बरोबर येत होता. त्याआधी कंट्रोलर ना दाबासाठी थांबतोय ना वेळेसाठी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांनी डोंबिवलीच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात ऑपरेटरने त्या नव्या मॉडेलचं बटण दाबलं आणि झाकण तत्क्षणी सुटलं. वाफेने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

मालकांनी आम्हा दोघींना बोलावलं. फाइलच्या डोक्यावर मॅडमचं नाव होतं. त्या माझ्याकडे वळल्या. "तू या मॅक्रोला हात लावलेलास?"

"नाही, मॅडम."

 त्या मालकांना म्हणाल्या, "फाइल माझी आहे. तपासून पाठवायची जबाबदारीही माझीच होती."

सगळे कंट्रोलर परत मागवले, दुरुस्त केले. महिनाअखेर मॅडमनी नोकरी सोडली आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. घरी आई विचारायची, "काय झाला गो, जेवत का नाय?" मी कामाचं निमित्त सांगायचे.

त्यांच्याकडे जायला मला सहा वर्षं लागली. त्यांनी चहा केला, घरच्यांची चौकशी केली. मी सगळं सांगून टाकलं. त्यांना नवल वाटलं नाही. मालकांनी बोलावलं त्याच संध्याकाळी जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून त्यांनी ताडून पाहिलेली. बदल त्या सुट्टीवर असतानाचा होता.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. काही दिवस थांबले." मग त्यांनी विचारलं, "त्या माणसाला भेटलीस?"

मी भेटले नव्हते. मॅडम हॉस्पिटलात दोनदा जाऊन आलेल्या. तो मोहन्याला राहतो, मूठ पुरती वळत नाही म्हणून आता पॅकिंगला असतो, हेही त्यांना माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी मोहन्याला गेले. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः पलंगावर बसला. चूक माझी होती, हे मी त्याला सांगितलं. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आता त्या मशीनवर दुसरा पोऱ्या आहे. त्याला काय होणार नाही ना?"

नाही होणार, मी म्हटलं. त्याने मान हलवली. बायको आत निघून गेली.

घरी येऊन मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं केलंस" म्हणाल्या. पुन्हा ये, असं मात्र म्हणाल्या नाहीत, आणि मीही गेले नाही.