सुनंदाबाईंच्या नावानं आलेली पत्रिका

बोदवडच्या सुनंदाबाईंना सोयरिकी जुळवायचा नाद होता. पूर्वी त्या लग्नाकार्यात बसल्या बसल्या मुलं-मुली हेरायच्या. पुढे हातात स्मार्टफोन आला आणि त्यांनी व्हॉट्सअॅपवर समाजाचा गट केला, फेसबुकवर पान उघडलं. यावलपासून पार पिंपळनेरपर्यंतची माणसं त्यांना मुलींचे फोटो आणि बायोडेटा पाठवू लागली. अनोळखी माणसाला लेकीचा फोटो न दाखवणारे बापसुद्धा म्हणायचे, "अक्कांकडे आहे ना, मग काळजी नाही."

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांना फेसबुकवर यावलच्या प्रेमराजभाऊंचा निरोप आला. 'लग्नाला अगत्य यावं', आणि खाली पत्रिकेची फाईल. प्रेमराजभाऊ गटातलेच, त्यांच्या पोराला स्थळ सुनंदाबाईंनीच सुचवलेलं. एवढ्या लवकर जमलं आणि आपल्याला कळवलंही नाही, असं मनात म्हणत त्यांनी फाईल दाबली. फोननं दोन-तीनदा परवानगी मागितली. त्यांनी प्रत्येक वेळी 'हो' केलं. पत्रिका काही दिसली नाही. नेट गेलं असेल म्हणून फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

थोड्या वेळानं पिंपळनेरहून गटातल्या तानुबाईंचा फोन आला.

"अक्का, पत्रिका धाडी ते, पन कोनं लगीन शे?"

"कसली पत्रिका? मी नाही पाठवली."

"तुमनंच नाव शे ना. उघाडी तं काहीच दिखत नही. मी बठ्ठासले पुढे धाडी दिधी."

"सगळ्यांना पाठवली?" सुनंदाबाईंनी फोन पाहिला. त्यांच्या नावानं तीच फाईल गटात गेली होती, फेसबुकवर गेली होती, एकेका माणसाला वेगळी गेली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत अजून जात होती. फोन खाली टाकावा की हातात धरावा, हेच कळेना.

"अहो, इकडे या," त्यांनी नवऱ्याला, तोतारामना हाक मारली. "माझा फोन कोणीतरी दुसराच चालवतोय."

तोतारामांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यावरून त्यांनी जळगावला सुनंदाबाईंच्या भाचीला, ऋतिकाला फोन लावला. ती तिथे कॉम्प्युटर शिकवते.

"मावशी, आधी नेट बंद कर. विमानाचं चिन्ह दाब," ऋतिका म्हणाली. "ती पत्रिका नव्हती, व्हायरस होता. प्रेमराजभाऊंनाही माहीत नसेल, त्यांच्या खात्यातूनही असाच गेला असणार. आता सिम काढून काकांच्या फोनमध्ये घाल, म्हणजे पासवर्ड बदलायचे आकडे त्यावर येतील. तुझे पासवर्ड मी इथून बदलते. आणि सगळ्यांना फोन करून तोंडी सांग. तुझ्या नावाच्या मेसेजवर आज कोणी विश्वास ठेवता कामा नये."

"फोटो गं? पोरींचे फोटो आहेत त्यात."

"गेले की नाही, ते मला सांगता येणार नाही, मावशी."

मग बंद नेटच्या फोनमधले नंबर तोताराम मोठ्यानं वाचू लागले आणि सुनंदाबाई बटणं दाबू लागल्या. "माझ्या नावानं आलेलं काही उघडू नका. उघडलं असेल तर नेट बंद करा." काहींनी आभार मानले. एकानं सुनावलं, "झेपत नाही तर एवढा पसारा मांडायचा कशाला?" त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर लावला.

यावलच्या सुपडूभाऊंचा फोन मात्र लागेना. त्यांच्या ज्योतीचं लग्न सुनंदाबाईंनीच जमवलं होतं. साखरपुडा झाला होता, त्याचे सगळे फोटो याच फोनमध्ये. पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही जमेना, तेव्हा त्या उठल्या आणि एसटीनं भुसावळमार्गे यावलला निघाल्या. शेजारच्या सीटवरची बाई मोबाईलवर फोटो पाहत हसत होती. सुनंदाबाईंनी मान वाकवून ते कोणाचे फोटो आहेत ते आधी पाहून घेतलं.

सुपडूभाऊ केळीच्या बागेत होते, तिथे रेंज नव्हती. सुनंदाबाईंना बांधावर पाहून ते घाबरलेच. "काय झालं, अक्का?"

"माझ्या नावानं पत्रिका आली का तुम्हाला?"

"सकाळच्यानं इथंच आहे मी. फोन पाह्यला नाही."

सुनंदाबाई तिथेच पाल्यावर बसल्या. त्यांना वाटलं, सुटले. पण डबा घेऊन आलेली ज्योती मागे उभी होती.

"मी उघडली," ती म्हणाली. "तुमचं नाव होतं म्हणून."

सुनंदाबाईंनी तिच्या फोनचं नेट बंद करायला लावलं आणि सगळं सांगितलं. काही झालं नसेल, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. "तुझे फोटो बाहेर गेले असतील, बाई. मला माहीत नाही."

ज्योतीचे डोळे भरले. मग ती वडिलांना म्हणाली, "नाना, सासरी आपणच आधी सांगू. दुसऱ्याकडून कळायला नको."

घरी येऊन सुपडूभाऊंनी ज्योतीच्या सासरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून नवऱ्या मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आमच्याकडेही आली होती, पण उघडली नाही. काही उलटसुलट दिसलं तर आम्ही पोलिसांत सोबत येऊ."

दुसऱ्या दिवशी ऋतिकानं सुनंदाबाईंना जळगावला सायबर पोलिसांकडे नेऊन तक्रार नोंदवली. मग सुनंदाबाई आणि ज्योती, दोघींचे फोन पुसून कोरे केले. फेसबुकचं खातं परत मिळालं. प्रत्येक खात्याला फोनवर येणाऱ्या आकड्यांचं दुसरं कुलूप बसलं.

बरीच घरं गट सोडून गेली, त्यातली काही अजून बोलत नाहीत. उरलेल्यांना सुनंदाबाई सांगतात, फोटो पाठवू नका, घरी या, समोरासमोर बघा. ज्योतीचे फोटो कुठे गेले का, हे आजतागायत कळलेलं नाही. अनोळखी नंबर वाजला की सुनंदाबाई आधी देवाचं नाव घेतात, मग उचलतात.