सत्तेचाळीस आणि बासष्ट

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. एकोणीसशे सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, मी हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होते, तेव्हा तर गिरणीचा भोंगा झाला तरी हातातली काचपट्टी पडायची. विभागप्रमुख सरांनी एप्रिलअखेर शिफारस केली तर जूनमध्ये कायम, नाहीतर घरी. आणि घरी स्थळं तयारच होती.

सरांनी चांद्याकडच्या कोळसा खाणीतून दोन पेट्या दगड आणले होते. त्यांवर पर्मियन काळातल्या, म्हणजे डायनोसोरांच्याही आधीच्या, बीजधारी नेच्यांची लांबट पानं उमटलेली. मधली शीर आहे की नाही, शिरांची जाळी कशी, हे भिंगातून पाहून वर्गवारी करायची, हे माझं काम. सत्तेचाळीस नंबरच्या पानाची शीर अर्ध्यातच विरत होती. अशी जात आजवर कुणी नोंदवलेली नाही म्हणून सर हरखले आणि पेपर लिहायला बसले.

मार्चमधल्या एका दुपारी मी बासष्ट नंबर भिंगाखाली घेतला. शीर थेट टोकापर्यंत, आणि डाव्या कडेला किड्यानं खाल्ल्यासारखी खाच. ही खाच मी पाहिली होती, पण उजव्या कडेला. सत्तेचाळीस काढून त्यावर पालथा ठेवला, तर डब्यावर झाकण बसावं तसा बसला. पान एकच होतं. दगड फुटून त्याचे दोन ठसे झाले होते, आणि एकावरचा शिरेचा शेंडा खपली निघून गेला होता. नवी जात वगैरे काही नव्हतीच.

जोडी कुणी मोडली, तेही मला ठाऊक होतं. सरांनी प्रत्येक जोडीचे दोन्ही तुकडे एकाच वर्तमानपत्रात गुंडाळले होते. पेट्या उघडल्या तेव्हा आमचा कुंभारी गावचा शिपाई म्हणाला, "बाई, कागद टाकू नगा. पानं दाबायला लई कामाचं हाय की." आम्हा वनस्पतीवाल्यांना रद्दी म्हणजे सोनं. मी भराभर कागद सोडवून झाडांचे नमुने वाळवायच्या दाबणीत घातले, दगड टेबलावर एकत्र मांडले आणि हाताला येतील तसे नंबर टाकले.

आठ दिवस मी गप्प राहिले. सरांची चप्पल वाजली की बासष्ट नंबर खणात सारायचे. नवव्या दिवशी दोन्ही दगड त्यांच्यापुढे ठेवले, जुळवून दाखवले. कागदांचं मात्र बोलले नाही.

सरांनी स्वतः पुन्हा एकदा जुळवून पाहिले. मग हळूच म्हणाले, "पेपर परवाच टपालात टाकला गं."

त्यांनी मला टाइपरायटरसमोर बसवलं. पेपर मागे घेत असल्याचं पत्र सांगू लागले. "गोळा करताना माझ्याच हातून जोड्या मिसळल्या, असं लिही."

माझी बोटं थांबली. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांनी सांगितलं तसंच टाइप केलं.

सरांनी सही केली. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले, "अशी प्रामाणिक माणसं हवीत विभागात." आणि त्याच पेनानं त्यांनी माझी शिफारस लिहिली.