माझा आवाज बोरीला सापडला

वालूरच्या जत्रेत मी माईक हातात घेतला की झरीच्या म्हशी माना वर करायच्या. मधलं अंतर कुणी मोजत बसू नये. शंका असेल त्यानं म्हशींना विचारावं. पस्तीस वर्षं मी पंचक्रोशीतल्या कुस्त्यांच्या फडात निवेदन केलं. पैलवान अंगाला माती लावतोय तोवर मी त्याच्या आज्याचा पराक्रम सांगून मोकळा व्हायचो, मग तो आज्जा जन्मभर शिंपी का असेना. एकदा ऐन अंतिम कुस्तीत भोंगा जळाला. लोकांना ते दुसऱ्या दिवशी भोंगा उतरवताना कळलं.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीसोबत आवाजाची पेटीच काढून घेतली. जीव वाचला, त्यांचे उपकार आहेतच. पण शुद्धीवर येऊन 'पाणी' म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली, तीही तोंडातून नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून.

घरी आल्यावर मी गळ्यात पाटी अडकवली आणि लिहून बोलायला लागलो. पाटीचा एक घोळ आहे, समोरच्यानं तिच्याकडं बघावं लागतं. आमचा संसार तसा झालेलाच नाही. मी ओसरीवरून ओरडायचं आणि बायकोनं गॅसपुढून, मागं न वळता, उत्तर द्यायचं, अशी आमची रीत. आता चहा पाहिजे असला की उठून तिच्यापुढं पाटी नाचवायची. तिचे हात पिठात. ती हात धुणार, चष्मा शोधणार, आणि चष्मा सापडेपर्यंत चहाची वेळ टळून जेवणाची व्हायची. हळूहळू मी मागायचंच सोडलं. घरात अशी शांतता पसरली की पालीनं चुकचुकायला आधी परवानगी घ्यावी.

"तीस वर्सं देवाला शांतता मागितली," बायको शेजारणीला सांगत होती. "देवानं दिली बगा. आता ती खायला उठायली."

ते ऐकलं आणि मला कळलं की माझ्या एकट्याचाच आवाज गेलेला नाही.

गावात अप्पांचं बी-बियाणं आणि पाइपांचं दुकान आहे. अप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सकाळची शिवपूजा झाल्याशिवाय शटरला हात न लावणारा माणूस. दुकानामागच्या खोलीत ओपन सोर्स क्लब भरतो. क्लबाचं खरं ओझं दोघांवर. एक कॉम्प्युटरचा क्लास चालवणारी ताई, दुसरा जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारा मिस्त्री. मोबाइलवरून विहिरीची मोटार चालू करणारा डबा त्यांनी केला, तो उत्तम चालतो. जमिनीतली ओल मोजणारी काडीही केली. आपली काळी जमीन, तिला भेग पडली आणि काडी भेगेत उभी राहून हवा मोजत बसली. कालच पाणी दिलेल्या वावराला तिनं दुष्काळ जाहीर केला.

तिथला कायदा एकच. जे बनेल त्याची सगळी कृती भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची आणि इंटरनेटवरही टाकायची. कुणीही फुकट न्यावी. नेणाऱ्यानं फक्त तिचं काय केलं ते कळवायचं. "बी डब्यात झाकून ठिवलं की किडे खातेत," अप्पांचं म्हणणं.

मी धडधाकट होतो तेव्हा माझा ॲम्प्लिफायर तिथं दुरुस्तीला जायचा. एकदा ताईनं मला धरून बसवलं. आपल्याकडची बोली कॉम्प्युटरला शिकवायची होती, त्यासाठी चारशे वाक्यं वाचून द्यायची. म्हशीला पेंड टाकली का. आज लाइट कवा येणार. अकरा वाजले. सावकाश जा रे. असली वाक्यं.

"काका, हळू वाचा. म्होरं माईक हाय, जत्रा न्हाई."

चार दुपारी मी नुसत्या भज्यांच्या लोभानं हळू वाचलं. कॉम्प्युटर काही शिकला नाही. पुढं व्होल्टेज वाढून त्याची डिस्क जळाली आणि ते वाचन सगळे विसरून गेले. भजी मी विसरलो नव्हतो.

तर माझी ही दशा बघून क्लब घरी आला. मिस्त्री म्हणाला, "काका, फिकर करू नका. तुमचा आवाज गावात हरेकाच्या मोबाइलात पडलाय. गोळा करून देतो."

त्यांनी खरंच गोळा केला. जत्रेचे सगळे व्हिडिओ जमवले, त्यातून माझे शब्द कापले, लाकडी पेटीला बारा बटणं बसवली आणि एका बटणाला एक शब्द दिला. पंधरा दिवस ती माणसं दुकान, क्लास, वाइंडिंग सांभाळून माझ्या घशामागं लागली होती. पेटी मिस्त्रीनं स्वतः उचलून माझ्यापुढं आणून ठेवली.

बायको आत गॅसपुढं. मी 'चहा'चं बटण दाबलं.

आधी हलगी कडाडली. मग शिट्ट्या. मग हजारभर माणसांचा "हाण! हाण!" असा गिल्ला, आणि त्यातून माझी डरकाळी: "चहाऽऽऽ!" आत पातेलं पडलं. शेजारचे दोघं भाऊ काठ्या घेऊन धावत आले. मी घाईघाईनं दुसरं बटण दाबलं, तर "पाणी पाजलं रं पाणी पाजलं!" एवढी गर्जना झाली की कोपऱ्यावरचं कुत्रं अजून आमच्या गल्लीत येत नाही.

"घ्या," शेजारी म्हणाला, "वैनी, घरातच फड भरला तुमच्या!"

सगळे पोट धरून हसले. बायकोही तोंडाला पदर लावून हसली. मग तोच पदर डोळ्यांना गेला.

"अवो, ह्यांचा एक बी शबुद हळू बोललेला न्हाई का कुटं?"

कसा असेल? मी ओरडतोय म्हणून लोकांनी मोबाइल वर धरले. मी हळू बोलतोय हे कोण कशाला साठवील? ताईनं क्लबाच्या वहीत त्या पेटीपुढं 'नापास' लिहिलं. तिथं नापासाचीही नोंद करतात.

चार-पाच दिवसांनी ताई धापा टाकत आली. त्यांच्या कायद्याप्रमाणं लोक कळवत होते, पण आलेलं वाचायचं असा कायदा कुणीच केला नव्हता! सगळी मंडळी आपली तारा डागायच्या कावियात गुंग. ताईनं भाकड दुपारी तो ईमेलचा ढिगारा उपसला, तर त्यात बोरीच्या एका मास्तरांचं दोन ओळींचं पत्र, वर्षाभरापूर्वीचं. 'तुमच्या काकांच्या वाक्यांवरून आम्ही शाळेसाठी बोलतं घड्याळ केलं. रोज चालतं. आभारी आहोत.'

डिस्क जळायच्या आधी तिनंच ती वाक्यं नेटवर टांगली होती. तिलाही आठवण नव्हती.

मिस्त्रीच्या टेम्पोत बसून आम्ही बोरीला गेलो. शाळा सकाळची होती. मास्तरांनी मला पटांगणात कडुनिंबाखाली खुर्ची दिली. "जरा दम धरा काका, पाचच मिनिटं ऱ्हायलेत." ती पाच मिनिटं माझ्या हिशेबानं अडीच वर्षं चालली. मग भिंतीवरच्या डब्यातून कुणीतरी शेजारी बसून बोलावं तसा आवाज आला:

"अकरा वाजले. सुट्टी झाली. सावकाश जा रे."

तो मी होतो. हळू, जरा भज्यांच्या तेलानं ओशट, पण मीच. पोरं माझ्यापुढून सुसाट पळाली. एकानंही डब्याकडं मान वळवली नाही. घरातल्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं आणि गेली. वर्षभर मी मुका म्हणून वालूरला पाटी पुसत होतो आणि इकडं बोरीत रोज शाळा सोडत होतो! मी रडलो असं लिहिणार नाही. त्या दिवशी बोरीच्या विहिरींचं पाणी हातभर वर आलं, एवढंच सांगतो.

मास्तरांकडं चारशेच्या चारशे वाक्यं जपून ठेवलेली होती. त्यांनी ती पेनड्राइव्हवर भरून अशी हातात ठेवली की जणू शेजारीण नेलेल्या विरजणाची वाटी परत द्यायला दारात आलीय. मी हात जोडले तर म्हणाले, "अवो, इरजण तुमचंच हाय, काका."

पुढं ताईच्या कॉम्प्युटरनं आठ दिवस ती वाक्यं दळली. तो इतका तापला की अप्पांच्या घरच्यांनी त्यावर वर्षाचे पापड वाळवले. शेवटी मिस्त्रीनं तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला छोटा कीबोर्ड आणि स्पीकर जोडून दिला. मी लिहीन ते तो माझ्या आवाजात बोलतो. या माणसांचं मी काय देणं लागतो हे सांगायला माझा जुना आवाजही पुरला नसता. या बोलत्या डब्याची कृती खिळ्याला टांगली, तेव्हा अप्पांनी मला खाली सही करायला लावली. मी 'पास' असं लिहून सही केली.

डबा घरी आणला त्या दिवशी कुणाला बोलावलं नाही. दुपारची वेळ. मी ओसरीवर माझ्या जागी बसलो. बायको आत, माझ्याकडं पाठ, हात पिठात. मी एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहिलं आणि बटण दाबलं.

"चहा हाय का गं?"

तिचे हात थांबले. ती वळली नाही. एवढा वेळ थांबली की मला वाटलं डबा नापास झाला. मग परातीत हात पुन्हा फिरायला लागले.

"ठिवायलेय की," ती म्हणाली. "दम न्हाई व्हय? गप बसा जरा."

वर्ष झालं होतं, मला कुणी गप बस म्हटलं नव्हतं. मी गप बसलो.