आतल्या बाजूची रेघ

वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी चौथीत होते. विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे चाळीत आमची एक खोली. वडील रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला निघायचे आणि दुपारी परत येऊन तोच शर्ट जपून खुंटीला लावायचे. उद्याही तोच लागणार असायचा. घर चालायचं आईच्या स्क्रू-ड्रायव्हरवर. सोमवारी शेटचा माणूस मोबाइल चार्जरच्या कव्हरांची गोणी दारात टाकून जायचा. खालचं कव्हर, त्यात सर्किटची पट्टी, वर दुसरं कव्हर, दोन स्क्रू. शनिवारी तो गोणी उचलायचा. आईच्या अंगठ्याला घट्टा पडलेला. कणीक मळतानाही तो दुखायचा.

आई प्रत्येक कव्हर बंद करण्याआधी सुईने आतून एक बारीक रेघ मारायची आणि तिच्या डोक्यावर टिंब. मी विचारलं, तर म्हणाली, "तुला काय करायचंय? स्क्रू दे."

कारण कळलं एका शनिवारी. शेटच्या माणसाने अर्धी गोणी परत आणून ओतली. "सगळा रिजेक्ट माल आहे ताई. पुढच्या वेळेपासून काम नाही मिळणार." आईने त्यातले तीन चार्जर त्याच्यासमोर उघडले. एकातही रेघ नव्हती.

"ही कव्हरं माझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांच्या दारात नेऊन ओत."

"अहो, पण शेट म्हणाले..."

"शेटला घेऊन ये. त्याच्यासमोर उघडते."

शेट काही आला नाही. काम चालू राहिलं. मी त्या दिवशी शिकले ते कॉलेजात कोणी शिकवलं नाही. कॉलेजात मात्र मी गेले, हे इथे ठणकावून सांगते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. निकालाच्या दिवशी वडिलांनी तोच इस्त्रीचा शर्ट घालून चाळभर पेढे वाटले. आई एवढंच म्हणाली, "शिकलीस म्हणून भोळी होऊ नकोस."

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मला डिझायनर म्हणून नोकरी लागली. रेडिओ, स्पीकर, इमर्जन्सी लाइट असा माल. दुसऱ्या वर्षी मी एक रेडिओ काढला. आई स्क्रू मारताना रेडिओ लावायची, आणि हात गुंतलेले असल्यामुळे आवाज कमी करायला मला हाक मारायची. माझ्या रेडिओला वर एकच मोठं, रबराचं, पसरट बटण होतं. कोपराने फिरवा, पीठ लागलेल्या मनगटाने फिरवा, फिरायचं. तसं बटण तोवर मी तरी कुठे पाहिलं नव्हतं.

आमचे सर मोठे डिझायनर. अगदी पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचे. त्यांनी माझं मॉडेल हातात घेतलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि ते आपल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. "इथे सुरक्षित राहील," म्हणाले. कोणापासून सुरक्षित? त्याआधी माझं एक स्केच त्यांच्या सादरीकरणात दिसलं होतं. खाली कोणाचंच नाव नव्हतं. मग मी बघायला लागले. मी आत गेले की ते फोन ठेवायचे. मालकांच्या केबिनमध्ये जाताना माझी फाइल घेऊन जायचे, मला नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "रेघ मारलीस का?"

"मॉडेलमध्ये मारलीय. पण कागदावर कुठे मारू?"

त्यावर मीच डोकं चालवलं. सरांनी अंतिम ड्रॉइंग मागितलं तेव्हा मी बॅटरीचा खण मुद्दाम तीन मिलिमीटर आखूड काढून दिला. बाकी सगळं बरोबर. चोरी करतील तर त्यांचा रेडिओ चालणारच नाही. आणि माझं नाव कागदावर आलं की खरं ड्रॉइंग द्यायचं. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

गुरुवारी सरांनी मला बोलावून एक फॉर्म पुढे केला. डिझाइनच्या नोंदणीचा अर्ज. डिझायनरच्या रकान्यात एकच नाव होतं. माझं.

"वाचून सही करा. स्पेलिंग नीट आहे ना बघा."

मी पेन उचललंच नाही. "सर, ड्रॉइंग कुठंय?"

"डोंबिवलीच्या टूलरूमला, कव्हरचा साचा बनवायला. मंगळवारीच पाठवलं. आज स्टील कापायला घेणार होते."

साचा एकदा चुकीचा कापला गेला की ते स्टील भंगार, आणि माझी नोकरीही. मी सही न करता निघाले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पोचेपर्यंत टूलरूमला तीन फोन केले, कोणी उचलला नाही. मशीनच्या आवाजात उचलणार कोण?

साचा बनवणारे मिस्त्री बाहेर चहा पीत बसले होते.

"काका, कापायला घेतलं?"

"बसा मॅडम. घाम पुसा आधी." त्यांनी खऱ्या मापात छापलेलं माझं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि खणावर बॅटरी ठेवली. "हे बघा. तुमची बॅटरी पाय बाहेर काढून झोपलीय. मी कागदावर भरवसा ठेवत नाही, वस्तू ठेवून बघतो. तुमच्या कामाचं मशीन बंद ठेवलंय सकाळपासून. चूक कोणाची?"

"चूक नाही. मी मुद्दाम केलं."

त्यांनी चष्मा वर केला. "मुद्दाम? साहेबांना माहितीय?"

तिथूनच सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही हे मला दिसत होतं. इतका नाही, हे माहीत नव्हतं. खरं ड्रॉइंग आत्ता पाठवा. आणि उद्या येऊन सही करा."

मी माफी मागितली. पण खरं सांगायचं तर, त्यांनी एकटं माझंच नाव का टाकलं, हा संशय अजून गेलेला नाही. रेडिओ बाजारात पडला असता तर तोही एकट्या माझ्याच नावावर पडला असता ना?

निघताना मी मिस्त्रींना म्हटलं, "काका, साच्यात आतल्या बाजूला एक रेघ आणि टिंब कोराल?"

"आत? कोणाला दिसणार?"

"दिसू नये म्हणूनच."

त्यांनी कोरली.

रेडिओ चालला. मग इतर कंपन्यांच्या रेडिओंवरही मोठी रबरी बटणं यायला लागली. गेल्या वर्षी कल्याणला स्टेशनबाहेर एका गाळ्यात हुबेहूब माझाच रेडिओ दिसला, नाव भलतंच. मी विकत घेतला. घरी आईने जमिनीवर फतकल मारली, तिचा जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चष्मा लावून रेडिओ उघडला. आत रेघ होती. डोक्यावर टिंब. नक्कल करणाऱ्यांनी आमच्या रेडिओवरूनच साचा उचलला होता, आतून-बाहेरून.

"मेल्यांनी माझी रेघपण सोडली नाही," आई म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उजेडाकडे धरून तिने बाकीचं कव्हरही तपासलं.

आईने गोणी घेणं बंद करून सहा वर्षं झाली. त्या रेडिओच्या नोंदणीवर डिझायनर म्हणून एकच नाव आहे, माझं. त्याची एक प्रत मी घरी ठेवली आहे, एक बँकेच्या लॉकरमध्ये.